काका कुठे लपलेत, कुणालाच माहीत नाही

सर्व संबंधितांनी कृपया उभं राहावं. मी पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाखाली न येता, अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करते, की ॲरिझोना राज्यातल्या चँडलर शहरात, आमच्या घरापासून तीन घरं सोडून, एक निन्जा राहत होता. वय एकाहत्तर. दोन्ही गुडघे बदललेले. सकाळी मेथीचं पाणी, रात्री रक्तदाबाची गोळी. ही गोष्ट मी आजवर लपवून ठेवली, कारण निन्जांबद्दल कुठे बोलायचं नसतं, असं मला खुद्द त्या निन्जानेच बजावलं होतं. बजावलं ते आमच्या ड्राइव्हवेच्या पार त्या टोकावरून ओरडून, पण बजावलं होतं.

आता बसा.

आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. चँडलरमध्ये काका पुष्कळ आहेत, अमुक काका, तमुक काका. पण नुसते काका हे एकच. हल्ली ते ओहायोत, डब्लिनला मुलाकडे असतात. तिथे बर्फ पडतो, बर्फात पावलं उमटतात आणि निन्जाची फार गैरसोय होते, असं त्यांनी मला मागच्या फोनवर सांगितलं. फोन मी कानापासून हातभर लांब धरला होता, तरी नीट ऐकू आलं.

काका मूळचे नागपूरचे. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ते बत्तीस वर्षं क्लीनरूममध्ये होते. या क्लीनरूमबद्दल ते इतक्या भक्तिभावाने बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, एखादा गाभाराच आहे. आत धुळीचा एक कणसुद्धा चालत नाही. त्यामुळे आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवायचा, तोंड झाकायचं, हातमोजे घालायचे, उघडे राहतात ते फक्त डोळे. जोरात चालायचं नाही, वारा हलतो. पावडर लावायची नाही, सेंट मारायचा नाही. "माणूस म्हणजे काय," काका म्हणायचे, "चालताबोलता कचरा." धुळीच्या कणाला ते पार्टिकल म्हणत आणि पार्टिकलवर त्यांचा जो राग होता, तो दुसऱ्या कुणाचा सख्ख्या भावकीवरही नसेल.

निवृत्त झाल्यावरही क्लीनरूम त्यांच्या अंगातून गेली नाही. तिथे कपडे वरून खाली घालायचे असतात, म्हणजे वरची धूळ खालच्या स्वच्छ कपड्यावर पडत नाही. काका घरीही तसेच घालत. आधी टोपी, मग शर्ट, मग पँट, मग मोजे. एकदा सकाळी काकूंचं पार्सल द्यायला मी अवेळी गेले, तेव्हा दार उघडायला आले ते टोपी, शर्ट आणि टॉवेल अशा अवस्थेत. जरासुद्धा ओशाळले नाहीत. क्रम चालू आहे, म्हणाले. आमच्याकडे चिवड्याची बशी पुढे केली की ती दोन्ही हातांनी हळूच मागे सारायचे आणि खेदाने म्हणायचे, "चविष्ट आहे गं, पण पार्टिकल फार."

निन्जापणाची सुरुवात उन्हाळ्यात झाली. जूनमध्ये चँडलरला बाहेर चालणं म्हणजे तव्यावर चालणं. डॉक्टरांनी तर काकांना रोज चालायला सांगितलेलं. मग काका आमच्या घरात चालायला यायचे. बेल वाजवायची, आत यायचं, चप्पल काढायची आणि आमच्या डायनिंग टेबलाभोवती गोल गोल फेऱ्या मारायच्या. त्यांच्या स्वतःच्या घरात काकूंनी टेबल भिंतीला लावून ठेवलं होतं. मुद्दाम, असं काकू म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात माझी लेक कॉलेज संपवून घरी परतली आणि तिच्याबरोबर एक वीस बाजूंचा फासा आला. खेळ असा, की एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत एकेक पात्र होऊन शिरतात. समोर दरोडेखोर आले, आता तू काय करणार? तुम्ही म्हणायचं, मी तलवार चालवते. ती लागली की नाही, ते फासा सांगतो. आमच्याकडे गोष्ट सांगायची माझी लेक. तिचा शाळेपासूनचा मित्र काइल, लोकांचे स्विमिंग पूल साफ करायचा त्याचा धंदा, तो सरदार झाला होता आणि समोर दिसेल त्याच्यावर तलवार उपसायचा. खेळाडू कमी पडत होते म्हणून मी. मी जादूगारीण. मला हातातून आग सोडता येत असे, आणि खरं सांगते, वर्षानुवर्षं लोकांचं सॉफ्टवेअर तपासून दिल्यावर हातातून आग सोडायला मिळणं यासारखं सुख नाही.

तर आम्ही तिघं शनिवारी दुपारी टेबलाशी बसलेलो आणि काका भोवती फिरताहेत. पहिल्या शनिवारी नुसते फिरले. दुसऱ्या शनिवारी फेऱ्या मंदावल्या. तिसऱ्या शनिवारी माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले आणि म्हणाले, "या गाढवाला सांग, दरवाजातून जाऊ नको म्हणावं." गाढव म्हणजे काइल.

लेकीने त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं, की आधी कॅरॅक्टरचा क्लास निवडायचा. योद्धा, जादूगार, वैद्य, असं काहीतरी.

"क्लास काय, ब्रँच म्हण," काका म्हणाले. "निन्जाला ॲडमिशन आहे का?"

लेक अडचणीत आली. तिच्या पुस्तकात निन्जा असा वेगळा क्लास नव्हता. ती म्हणाली, लोक बहुतेक वेळा चोराचा क्लास घेतात आणि त्याला काळे कपडे घालतात. काका म्हणाले, चोर नको, आमच्या घराण्यात कुणी चोरी केलेली नाही. मग मठातला साधू घ्या, तोही उड्या मारतो. त्यावर काका म्हणाले, साधूही नको, ही ऐकायची नाही. शेवटी लेकीने आठवडाभर बसून काकांसाठी निन्जाचा स्वतंत्र क्लास रचला. आवाज न करता चालणं, टोकदार चकत्या फेकणं, धुराचा गोळा फोडून पळणं आणि पुढे जाऊन मंत्रासरशी अदृश्य होणं. तिला वाटलं, काका खूश होतील.

काकांनी सगळं वाचलं आणि एकेक कलम उडवायला सुरुवात केली. धूर नको, धुरात पार्टिकल असतात. चकत्या नकोत, फेकलेली वस्तू पडते कुठेतरी आणि मग ती उचलायला जावं लागतं. पळणं नको, वारा हलतो. आणि अदृश्य होणं तर अजिबात नको. "हे चीटिंग झालं," ते म्हणाले. "लपायचं तर लपावं. जादू करून लपला तर त्यात त्याचं काय कौतुक?"

अशा रीतीने, कल्पनेच्या विश्वातला सर्वांत निरुपयोगी निन्जा आमच्या डायनिंग टेबलावर जन्माला आला. त्याला फक्त लपता येत असे.

आणि तो लपायचाही त्याच्या वेळेने. पहिलाच प्रसंग. रानातल्या वाटेवर दरोडेखोरांनी आम्हाला घेरलं. काइलने दोघांना आडवं केलं, मी एकाची मिशी पेटवली. लेकीने विचारलं, काका, तुम्ही काय करता? काका म्हणाले, मी कपडे घालतो. आम्हाला वाटलं, झालं असेल घालून. पुढच्या डावाला पुन्हा विचारलं. काका म्हणाले, टोपी झाली, आता तोंड झाकतो. काइलच्या खांद्यात बाण घुसला. काका झगा चढवत होते. माझा घोडा पळाला. काका बूट बांधत होते. दरोडेखोरांचा सरदार काइलच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला तेव्हा काका हातमोज्यांची दुसरी जोडी पहिल्या जोडीवर चढवत होते, कारण एका जोडीवर विसंबून राहायचं नसतं. ती लढाई आम्ही कशीबशी जिंकली. काका तयार होऊन आले तेव्हा वाटेवर कुणीच उरलं नव्हतं. "बघा," ते समाधानाने म्हणाले, "मला कुणी पाहिलंसुद्धा नाही."

पण ही सगळी नुसती प्रस्तावना. काकांच्या निन्जाची खरी ख्याती होती ती त्यांच्या कुजबुजीची.

काकांचं म्हणणं असं, की निन्जा कुठे लपलाय हे त्याच्या साथीदारांनाही कळता कामा नये. ते फक्त गोष्ट सांगणाऱ्याला माहीत हवं. म्हणून आपली लपायची जागा ते माझ्या लेकीच्या कानात सांगत. आता, क्लीनरूममध्ये हवा स्वच्छ ठेवायला मोठमोठे पंखे अखंड घोंघावत असतात. त्या गोंगाटात बत्तीस वर्षं काढल्यावर काकांचे कान गेले होते, आणि ते गेले आहेत ही बातमी काकांना सोडून सगळ्या ॲरिझोनाला होती. त्यामुळे काका खुर्चीवरून उठत, सावकाश चालत लेकीपाशी जात, तोंडापुढे हाताचा आडोसा धरत आणि कुजबुजत: "मी पडद्याच्या मागे आहे."

शेजारचा कुत्रा भुंकायला लागे.

पहिल्या वेळी काइल फिसकन हसणार होता. लेकीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठून गेला. काका परत जागेवर येऊन बसले, इतके खूश, इतके गूढ, की बघवत नव्हतं. ते गेल्यावर लेकीने आम्हाला तंबी दिली. काकांचं बोलणं तुमच्या कानांनी ऐकलं, तुमच्या कॅरॅक्टरने नाही. चेहरा कोरा ठेवायचा. कुणी काही बोलायचं नाही, कधीच.

आणि आम्ही पाळलं, तब्बल तीन वर्षं. काका कुजबुजले की मी छताच्या पंख्याकडे बघत असे. काइल आपली नखं तपासत असे. त्यानंतर काका मिश्किलपणे विचारत, सांगा बरं मी कुठे आहे? मग आम्ही सगळा किल्ला शोधल्यासारखं करत असू. छपरावर? नाही. तळघरात? नाही. हरलो बुवा, काका. आणि मनातल्या मनात मी नोंद करून ठेवायचे, की पडद्याला आग लावायची नाही. काका पिंपात असले की पिंपाला, काका गवताच्या गंजीत असले की गंजीला, माझी आग वळसा घालून जायची. काइलची तलवारही. आमच्याएवढी शिस्तबद्ध सेना कुठल्या राजाकडे नसेल.

या कुजबुजीमुळे काइलला मराठी येऊ लागलं. आमच्या मंडळाच्या गणपतीत काकूंनी त्याला मोदक वाढताना कौतुकाने विचारलं, तुला मराठी येतं म्हणे? त्याने ताट खाली ठेवलं, ताठ उभा राहिला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाला, "पडद्याच्या मागे. पिंपाच्या आत. विहिरीच्या काठाला लोंबकळून." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, इंटरनेटवरून शिकतात हल्ली मुलं.

काकू पुण्याच्या. कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की पुढच्याने वही मिटून घरी जावं. काका निन्जा झाल्याचं कळल्यावर त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं होतं, की त्या खेळात दवंडी पिटणाऱ्याची जागा रिकामी नव्हती का? "अगं, यांच्या तोंडात तीळ भिजत नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या पासष्टीला काकांनी महिनाभर राबून सरप्राइज पार्टी ठरवली होती. हॉल, केक, टेक्सासमधल्या शुगर लँडहून काकूंची बहीणसुद्धा येणार होती. आणि त्या दिवशी सकाळी चहा पिताना काकाच काकूंना म्हणाले, "संध्याकाळी चांगली साडी नेस, तुला आश्चर्याचा धक्का बसणार आहे." काकूंनी संध्याकाळी धक्का बसल्याचा जो अभिनय केला, तो पाहून आम्हाला रडू आलं.

मी एकदा काकांना विचारलं होतं, की सगळं सोडून निन्जाच का? काका तेव्हा टेबलाभोवती फिरत होते. थांबले. म्हणाले, जन्मभर हिच्यापासून माझी एक गोष्ट लपलेली नाही. कामावर मी झग्यात असायचो, मला कुणी ओळखत नसे, आणि घराच्या दारात पाऊल टाकलं की हिला माझ्या कपाळावर सगळं छापलेलं दिसायचं. "एकदा," काका म्हणाले, "एकदा तरी मी असं काहीतरी करणार आहे, की मी सांगेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. मग मी हिला सांगीन." एवढं बोलून ते पुन्हा चालू लागले. त्यांच्या दृष्टीने ते काम दर शनिवारी होतच होतं. पुरावा भक्कम जमला की काकूंना सांगायचं, एवढंच बाकी होतं. आणि हेही त्यांनी ठरवलं होतं, की निन्जा एकच. तो मेला तर दुसरा काढायचा नाही. मग त्यांच्या फासे ठेवायच्या पितळी डबीत पुन्हा वेलदोडे जातील आणि ते आपले घरी बसतील.

म्हणून त्या निन्जाला जिवंत ठेवणं आणि त्याला सत्य न कळू देणं, ही आम्हा तिघांची दर आठवड्याची जबाबदारी होती. तीन वर्षं आम्ही ती वाहिली. आणि मग काकूंनी काकांना हिअरिंग एड आणलं.

बातमी काकूंनीच शनिवारी दुपारी, खेळाच्या तोंडावर, फोनवर दिली. त्यांना कुजबुजीचं काही ठाऊक नव्हतं, त्यांना आनंद झाला होता. मी फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "ही विल हिअर हिमसेल्फ, आई." काइल नुसता "ओह नो" म्हणून जमिनीवर बसला. काका आज कुजबुजणार, आपला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकणार आणि त्यांना कळणार, की गेली तीन वर्षं आपण काय करत होतो.

काका आले. बेल वाजली तेव्हा दचकले ते स्वतःच. आत आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "आले का सगळे?" इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. खुर्चीत बसून ते बराच वेळ नुसते ऐकत होते. आमचा फ्रिज गुणगुणतो हे त्यांना नव्यानेच कळलं. मग त्यांनी फासा हातात घेतला, टेबलावर सोडला, पुन्हा सोडला. "असा वाजतो होय हा," म्हणाले. मला उगीचच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण बघावंसं वाटलं.

खेळ सुरू झाला. आम्ही दरोडेखोरांच्या राजाच्या किल्ल्यात शिरलो होतो. काका उठले, लेकीपाशी गेले, आडोसा धरला. आम्ही सवयीने वर पाहिलं, नखांकडे पाहिलं, आणि ऐकू आलं ते काहीच नाही. कुत्रासुद्धा गप्प. काका परत येऊन बसले. काइलने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. तीन वर्षांत पहिल्यांदा निन्जा कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात राजाचे सैनिक धान्याच्या कोठारातून बाणांचा वर्षाव करू लागले. काइल जखमी. दुसरा मार्ग नव्हता. मी जाहीर केलं, की मी कोठार पेटवते.

लेकीचा चेहरा उतरला. "आई, आर यू शुअर?"

मी म्हणाले, शंभर टक्के. काइल म्हणाला, माझ्याकडे तेल आहे, तेही ओततो.

लेकीने कपाळ टेबलावर टेकलं आणि तशीच म्हणाली, की काका कोठारात आहेत. छताच्या तुळईवर. सकाळपासून.

 मग लेकीने अगदी मऊ आवाजात काकांना फासा टाकायला सांगितला. सुटायला बारा हवे होते. अकरा पडले. काकांनी फाशाकडे पाहिलं, पितळी डबी ओढून घेतली, फासे एकेक करून आत ठेवले, झाकण लावलं आणि उठले. रागावलेले नव्हते. फक्त मला म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, मी तिथे आहे?"

मी काही बोलायच्या आत काइल बोलून गेला. "नो, काका! आय स्वेअर. आज ऐकू नाही आला!"

"आज?" काका म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मान खाली घालून सांगितलं, की काका, एरवी ऐकू यायचं. काका उभेच होते. पडदा, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. पिंप? पिंपसुद्धा. गवताची गंजी, विहीर, राजकन्येचा पलंग? एकेका जागेला मी मान हलवत होते आणि एकेका जागेसरशी काकांचे खांदे खाली येत होते. तीन वर्षांच्या सगळ्या जागा संपल्या. फ्रिज गुणगुणत होता.

"आणि आज?" काकांनी विचारलं.

आज काहीच नाही, मी म्हणाले. आज कुणालाच कळलं नाही, काका. मी तुम्हाला जाळलंच की.

काकांनी काइलकडे पाहिलं. काइलने गळ्याची शपथ घेतली. लेकीकडे पाहिलं, तिने डोळे पुसत मान डोलावली. मग काका हळूहळू खुर्चीत बसले. डबीचं झाकण उघडलं, फासे बाहेर काढून टेबलावर ओतले, लेकीपुढचा एक कोरा कागद स्वतःकडे ओढला आणि वर 'निन्जा' असं लिहिलं. आणि मग त्यांचा तो जुना, घरचा, क्लीनरूमचा आवाज परत आला. शेजारचा कुत्रा उठला, समोरच्या घराचं दार उघडलं, आणि काका ओरडले:

"अगं, हिला फोन लाव! सांग तिला, मी मेलो, आणि कुणाला पत्तासुद्धा लागला नाही!"